बुजवलेल्या फटी

त्या हिवाळ्यात माझ्या सासऱ्यांनी अक्रोडाच्या फळीवर एक पान उलटं कोरलं. देठ वर, टोक खाली. परक्याला ते कळलंही नसतं. पण बाबा, म्हणजे आबिद उस्ताद, मिसरूड फुटायच्या आधीपासून तेच पान कोरत आले होते, झोपेतही त्यांचा हात चुकला नसता. माझा नवरा एश्रेफ त्या फळीकडे बघत उभा राहिला, मग माझ्याकडे वळून त्याने आपल्या कपाळावर बोट टेकवलं. बाबांनी ते पाहिलं. मला त्या बोटाचा इतका राग आला की हातातली मेणाची चिंधी मी त्याच्या तोंडावर फेकली.

"काय गं, काय झालं?"

"माशी बसली होती," मी म्हणाले.

जानेवारीत आमच्या कोन्यिच गावात माशी नसते, हे त्यालाही ठाऊक होतं. तो मशीनकडे गेला.

आमचं वर्कशॉप नेरेत्वा नदीच्या काठी, घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. काम करणारे आम्ही तिघंच. बाबा कोरायचे. कापणं, जोडणं आणि मशीनवर घासणं एश्रेफकडे. मी मेण लावून लाकडाला उजाळा द्यायचे, आणि बापलेकांची भांडणं सोडवायचे. अक्रोडाची घासलेली धूळ तपकिरीसारखी बारीक असते, आणि बाबांची छाती तिने आधीच पोखरलेली. म्हणून एश्रेफने उन्हाळ्यात धूळ ओढायचं मोठं मशीन बसवलं. मशीन मागच्या भिंतीबाहेर, पत्र्याच्या खोपटात. तिथून एक जाड पाइप भिंतीतून आत आलेला आणि पुढे त्याला फाटे फुटलेले, एक करवतीला, एक घासायच्या पट्ट्याला. ते मशीन आतली हवा धुळीसकट ओढायचं, धूळ पिशवीत टाकायचं आणि हवा बाहेर सोडून द्यायचं. दार सताड उघडं असायचं, तोवर त्याची ओढ अशी होती की एकदा त्याने माझा डोक्याचा रुमाल गिळला. मग थंडी पडली, कोपऱ्यातली धुराड्याची शेगडी पेटली आणि दार बंद झालं.

आमच्या लोकांना लांडगा चालतो, पूर चालतो, सासूसुद्धा चालते, पण प्रोमाहा चालत नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहून वारा आरपार गेला, की संपलं. मान धरते, कान बसतो, पोरीबाळींना मूल होत नाही म्हणतात. एश्रेफ तर यात सगळ्यांच्या वरताण. लग्नानंतर लगेच तो बसमध्ये उघड्या खिडकीशी बसून साराएव्होला गेला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं तोंड एका बाजूला वाकडं झालं. डॉक्टर काहीतरी लांबलचक नाव सांगत होता. एश्रेफला खिडकी पुरेशी होती. तोंड सरळ झालं, पण भीती गेली नाही. ऐन उन्हाळ्यातही हा माणूस बनियन चड्डीत खोचून झोपतो.

तर दार बंद झालं आणि मशीनची ओढ मेली. पट्ट्याखालची धूळ पाइपात जायच्या ऐवजी खोलीभर तरंगायला लागली. एश्रेफने यावर डोकं चालवलं.

"पाइपला भोक असलं की ओढ जाते ना?" तो म्हणाला. "मग खोलीला भोक असलं तरी जाणारच. कुठून तरी वारा शिरतोय. तो बंद केला की बघ कसं ओढतं मशीन."

खरं सांगते, मलाही ते पटलं. प्रोमाहा बंद, ओढही वाढणार, एका दगडात दोन पक्षी. त्याने खिडक्यांच्या चौकटी लांबी भरून बुजवल्या. दाराच्या चारही कडांना नमदा ठोकला, उंबऱ्याला रबर लावलं. ओढ वाढली नाही, उलट आणखी कमी झाली. म्हणजे अजून कुठेतरी फट असणार, असं म्हणत तो मेणबत्ती घेऊन भिंती तपासत फिरला आणि जिथे ज्योत हलली तिथे चिकटपट्टी मारली.

त्याच सुमाराला आमची डोकी दुखायला लागली. दुपारच्या कॉफीपर्यंत माझ्या कानशिलांत घण पडायचे. एश्रेफ कपाळावर कच्च्या बटाट्याच्या चकत्या बांधून काम करायचा. सकाळी रेडिओवरची बाई रोज सांगायची: आज हवेचा दाब उतरलेला आहे, यूगो वाहतो आहे, जुनी दुखणी असलेल्यांना डोकेदुखी, मरगळ आणि विसराळूपणा जाणवेल. यूगो हा समुद्राकडून येणारा ऊबदार, ओला वारा. आमच्याकडे नवराबायकोची भांडणं आणि नापास झालेली मुलंसुद्धा त्याच्या नावावर खपतात.

"बघ, दाब," एश्रेफ रेडिओकडे बोट करून म्हणायचा. "बाहेर दाब, आत प्रोमाहा. डोकं दुखणार नाही तर काय गाणार?" आणि आणखी एक फट बुजवायचा.

बाबा मात्र डोकेदुखीवर थांबले नाहीत. ते हातोडी हातात घेऊन हातोडी शोधायचे. कॉफीतली साखर त्यांनी मेणाच्या डब्यात टाकली. उठताना झोक जायचा. आणि मग ते उलटं पान आलं.

दुसऱ्या दिवशी एश्रेफने विषय काढला. आवाज मऊ केला होता, म्हणून जास्तच वाईट वाटत होतं.

"बाबा, एवढी ऑर्डर झाली की तुम्ही घरीच राहा."

"घरी काय करू?"

"आराम करा."

"आराम मेल्यावर करायचाच आहे. तिथे कुणी उठवत नाही."

"तुमच्या हातात पटाशी असते बाबा, चमचा नसतो. उद्या बोट जाईल."

बाबा त्या फळीकडे बघत राहिले. मग त्यांनी पानावरून अंगठा फिरवला.

"उलटं झालं, नाही का रे?"

"झालं."

"मला दिसलंच नाही," ते म्हणाले.

त्यांनी एकेक पटाशी तेलाच्या फडक्याने पुसली, चामड्याच्या गुंडाळीत ठेवली, आणि ती गुंडाळी एश्रेफच्या टेबलावर नेऊन ठेवली. ऑर्डर झाल्यावर म्हणालो होतो, असं एश्रेफ पुटपुटला. आज काय आणि उद्या काय, असं बाबा म्हणाले. तेव्हापासून ते शेगडीजवळच्या स्टुलावर बसायचे आणि अक्रोडाचे तुकडे आत सारायचे. ज्या माणसाचं कोरीवकाम बघायला लोक मोस्तारहून यायचे, त्याला आम्ही शेगडीवाला करून टाकलं. मला ते बघवत नव्हतं, पण मी मेण घासत राहिले. म्हातारपण असंच येतं, हे सगळेच म्हणत होते.

मला शंका यायला लागली ती एका रविवारी. घरी बाबा माझ्याशी डोमिनो खेळले आणि मला सलग हरवलं. शेजारचा राग्यिब आला तर त्याला कुठल्या जुन्या सामन्यात कुणी गोल मारला यावरून झोडपलं, आणि बरोबर बाबाच निघाले. सोमवारी वर्कशॉपात तासाभरात तोंड उघडं टाकून भिंतीकडे बघत बसले. पुढच्या आठवड्यात दिवसभर वीज गेली. मशीन बंद, शेगडी चालू, आम्ही हाताने घासत होतो. त्या दिवशी कुणाचंही डोकं दुखलं नाही, आणि बाबांनी बसल्या बसल्या एका टाकाऊ फळकुटावर पान कोरलं. सुलटं.

मी ते फळकूट एश्रेफसमोर आपटलं. "घरी शहाणा, वर्कशॉपात वेडा. वीज गेली की परत शहाणा. असलं कुठलं म्हातारपण असतं रे?"

"त्या दिवशी दाब चढलेला होता. रेडिओवर सांगितलं."

"दाब गेला खड्ड्यात! त्या मशीनमुळे काहीतरी होतंय."

"काय होतंय?"

"ते मला कळलं असतं तर तुला विचारलं असतं का?"

"मग कळेपर्यंत गप्प बस," तो म्हणाला. "मशीन धूळ काढतंय. बाबांच्या छातीसाठीच आणलंय ते. आणि तू त्यांच्या पाठीत वारा सोडायला निघालीस."

रागाच्या भरात मी उंबऱ्याचं रबर उपटून फेकलं. सकाळी ते परत जागेवर होतं, आणि या वेळी खिळे दुप्पट होते. बापावर त्याचं प्रेम होतं, त्याबद्दल माझ्या मनात कधी शंका आली नाही. त्या प्रेमापायीच तो खिळे मारत होता.

ऑर्डर व्हिएन्नात राहणाऱ्या आमच्याच एका माणसाची होती. लेकीच्या लग्नाला कोरीव मेज आणि बैठका, आणि तो शनिवारी गाडी घेऊन येणार होता. शुक्रवारी यूगो असा भरून आला होता की प्रेन्यचा डोंगर दिसेना, आणि दरीत धुकं मांजरीसारखं बसून राहिलं होतं. रेडिओवरच्या बाईने दाब फारच उतरल्याचं सांगितलं. एश्रेफने सकाळपासून घासायचं मशीन थांबवलं नव्हतं. बाबा शेगडीशी. माझं डोकं फुटायला आलं तेव्हा मी जेवण आणायच्या निमित्ताने घरी गेले. बाहेर पडल्यावर जरा बरं वाटलं, म्हणून बटाट्याची पिता, आमची सारण भरलेली खारी पोळी, भाजेपर्यंत तिथेच रेंगाळले.

गरम तबक फडक्यात धरून परत आले आणि दार ओढलं. उघडलं नाही.

आमचं दार बाहेर उघडतं. आठवडाभर ते जड लागत होतं, नमद्यामुळे असेल असं आम्ही धरून चाललो होतो. आज कुणीतरी आतून धरून ठेवल्यासारखं होतं. तबक खाली ठेवून मी दोन्ही हातांनी हिसका दिला. बोटभर फट पडली, त्यातून वारा सूं करून आत घुसला, आणि दार माझ्या हातातून निसटून धाडकन बंद झालं.

"एश्रेफ!"

आत घासायचं मशीन चालू होतं. त्याचा आवाज एकसारखा येत होता, लाकूड दाबलं की बदलतो तसा बदलत नव्हता. म्हणजे मशीन चालू होतं आणि त्यावर कुणी काम करत नव्हतं.

मी कुलपाच्या भोकाला कान लावला. भोक शिट्टी वाजवत होतं. बाहेरचा वारा माझ्या गालावरून आत ओढला जात होता. लहानपणी मी सरबताची बाटली ओठांनी गच्च बंद करून ओढायचे. एक घोट यायचा, मग सरबत थांबायचं आणि जीभच आत खेचली जायची. ओठ सैल सोड, हवा जाऊ दे, असं आई ओरडायची. आम्ही महिनाभर त्या खोलीचे ओठ गच्च दाबत होतो आणि सरबत का येत नाही म्हणून आणखी दाबत होतो.

मग मी वर पाहिलं. धुराड्याला धूर नव्हता.

शेजारच्या सगळ्या धुराड्यांतून धूर निघत होता, आळसावून छपरांवर लोळत होता. आमचं कोरडं. आत अक्रोड जळत होता, आणि बाहेर काहीच येत नव्हतं. मशीनला ओढायला हवा हवी होती. खिडक्या बुजवल्या, दार बुजवलं, भिंती बुजवल्या, आणि एकच भोक उघडं ठेवलं. हवा धुराड्यातून खाली येत होती, आणि शेगडीतलं जे काही वर जायचं ते बाबांच्या तोंडावर येत होतं.

खिडक्यांना बाहेरून लोखंडी गज आहेत. दाराशी झुंजत बसायला वेळ नव्हता. मी मागे धावले, चिखलात एक चप्पल गेली, पत्र्याच्या खोपटात शिरून मशीनचा खटका खाली ओढला. पंखा रडत रडत थांबला. परत आले, दार ओढलं, आणि ते मुकाट्याने उघडलं.

आत धूर म्हणावा असा नव्हताच. ऊब होती, जरासा आंबूस वास होता. समोर एश्रेफ उभा. तोंड लालबुंद, कपाळावरची बटाट्याची चकती नाकावर घसरलेली, डोळे माझ्या पलीकडे कुठेतरी. मला वाटलं, तो बाहेर येतोय. त्याने दाराची आतली मूठ पकडली आणि दार ओढायला लागला.

"लाव ते," तो जड जिभेने म्हणाला. "प्रोमाहा. बाबांना लागेल."

"बाहेर ये!"

"बाबा झोपलेत. दार लाव, बाई."

मी बाहेरून ओढत होते, तो आतून. इतकी वर्षं मी त्या माणसावर चिडले, रुसले, पण त्याचा तिरस्कार मी त्या एका मिनिटात केला. दोन पावलांवर त्याचा बाप मरत होता, आणि हा त्याला वारा लागू नये म्हणून धडपडत होता. मी मूठ सोडली, खालचं तबक उचललं आणि पितेसकट त्याच्या डोक्यात घातलं. तो मटकन खाली बसला. मी श्वास धरला आणि त्याच्यावरून उडी मारून आत गेले.

बाबा स्टुलावर, भिंतीला डोकं टेकून. गाल नवऱ्या मुलासारखे गुलाबी. हातात एक लाकडाचा तुकडा तसाच. मी हाक मारली, गालावर मारलं, काही नाही. काखेत हात घालून ओढलं. हाडांचा सापळा झालेला माणूस, पण त्या दिवशी मढ्यासारखा जड. उंबऱ्यावर त्यांच्या टाचा त्या रबरात अडकल्या. मी शिव्या देत, रडत, झटका देत त्यांना अंगणात आणलं आणि चिखलात आडवं केलं. छातीवर कान ठेवला. घरघर होती. बारीक, पण होती.

"राग्यिब!" मी किंचाळले. "माणसं मेली रे, धावा!"

मागून एश्रेफ रांगत बाहेर आला. ओकला. मग मान वर करून बापाकडे बघितलं, आणि त्याचे डोळे हळूहळू जागेवर आले.

"बाबा?" तो म्हणाला. "झुम्रे, बाबांना काय झालं?"

माझे हात बाबांच्या छातीवर होते, तिथून काढायची मला हिंमत होत नव्हती.

हॉस्पिटलात बाबा आणि एश्रेफ दोघांनाही प्राणवायूच्या नळ्या लावल्या. तपासून झाल्यावर डॉक्टरीण बाई माझ्या आणि एश्रेफच्या समोर खुर्ची ओढून बसली. तरुण होती, पण बोलणं नेमकं होतं. शेगडीतून निघणाऱ्या या वायूला, कार्बन मोनॉक्साइडला, वास नसतो, रंग नसतो, ती म्हणाली. रक्तातली प्राणवायूची जागा तोच बळकावतो. हे आजचं नाही, बरेच दिवस थोडंथोडं चाललं असणार. डोकं दुखतं, झोक जातो, माणूस गोंधळतो, विसरतो.

"विसरतो?" एश्रेफने विचारलं.

"म्हाताऱ्यांना तर जास्तच. घरच्यांना वाटतं, डोकं गेलं. तुमच्या वडिलांचं असं काही झालं होतं का?"

मीच हो म्हणाले.

बाबांनी दुसऱ्या दिवशी डोळे उघडले. व्हिएन्नावाला येऊन अर्धवट मेज बघून गेला होता, त्याचं पुढे काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. एश्रेफ पलंगाशेजारी उभा होता. मी त्याला कोपराने ढोसलं. सांगायचं त्यानेच होतं.

"बाबा," तो म्हणाला, "तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही. शेगडीचा विषारी वायू आत येत होता. मशीन ओढायचं, आणि फटी मी बुजवल्या. म्हणून तुम्ही विसरत होतात. म्हणून पान उलटं झालं. तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलं."

बाबा छताकडे बघत होते. मग तोंडावरची नळी जरा बाजूला केली.

"मी रोज रात्री पडल्या पडल्या तुमची सगळ्यांची नावं म्हणायचो," ते म्हणाले. "आधी जिवंत, मग गेलेले. एखादं गळलं तर नाही ना, ते बघायला. कुणाला सांगणार? वेड लागायला लागलं की माणूस ते एकट्यानेच मोजतो." त्यांना धाप लागली. "काल शेगडीशी बसून म्हणत होतो. तुझ्या आईचं नाव येईना. किती शोधलं रे. आलंच नाही. मग म्हटलं, आता झोप येतेय, तर येऊ द्यावी. उठून तरी काय करायचं?"

एश्रेफ गुडघ्यांवर बसला आणि त्याने पलंगाच्या कडेला कपाळ टेकवलं.

"रेमझिया," तो म्हणाला. "बाबा, आईचं नाव रेमझिया."

"ठाऊक आहे मला," बाबा म्हणाले. "आज डोळे उघडले तेव्हा आधी तेच आठवलं."

मग ते रडायला लागले. आई गेली तेव्हाही न रडलेला माणूस लहान मुलासारखा हुंदके देत रडत होता, आणि रडता रडता तिचं नाव परत परत घेत होता.